जुन्या कार्डातला बिबट्या

आळे गावचा तो माणूस दुकानात आला तेव्हा मी एका प्रिंटरच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसले होते. त्यानं काउंटरवर दोन खोकी ठेवली, इकडं तिकडं बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "मालक कुठं गेलेत?"

"मालक समोर बसलीय. बोला."

जुन्नरच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि बाईच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर बघून लोकांना अजून धक्का बसतो. पूर्वी मी चिडायचे. आताही चिडतेच, पण गिऱ्हाईक जाऊ देत नाही. हा मात्र लगेच सावरला. तिशीतला शेतकरी, दोन लेकरांचा बाप, दिवसभर कांद्याच्या रानात आणि संध्याकाळी गेममध्ये. एका खोक्यात स्क्रीनवर गेमचं चित्र काढणारं त्याचं जुनं ग्राफिक्स कार्ड होतं, पंख्यांवर मातीचा थर बसलेलं. दुसऱ्यात नवं कोरं, हातात घेतलं तर विटेएवढं जड.

"ताई, नवा गेम आलाय. सगळं जगच मोकळं हाय त्यात. डोंगर, नद्या, रान, कुठंबी हिंडा. पण जुन्या कार्डावर लई अडकतो. म्हणून हे नवं आणलं, तर घरची म्हणती, फरक डोळ्यांनी दाखवा, न्हाईतर परत देऊन टाका. तुमी दोन्ही शेजारी-शेजारी चालवा आन् व्हिडिओ करून द्या ना."

मी हो म्हणाले. असली तुलना करायला मला मनापासून आवडतं. एकच जागा, एकच वाट, एकच ऊन, आणि दोन कार्डं ते कसं काढतात ते बघायचं. त्यात भांडण नाही की रडारड नाही. त्या दिवसांत आमच्या घरात या दोन्हींचा सुकाळ होता, म्हणून कामात डोकं खुपसायला मिळालं की मला बरं वाटायचं.

घरात काय चाललं होतं ते सांगते. आम्ही डिंगोऱ्याला राहतो. आमचे हे शेती बघतात, म्हणजे तेव्हापर्यंत बघायचे. गणपतीच्या दिवसांत एका तिन्हीसांजेला हे मोटारसायकलवरून रानातून घरी येत होते. दोन्ही बाजूंना आमचाच ऊस, मधून गाडी जाईल एवढीच वाट. उसातून बिबट्यानं झेप घेतली. गाडी आडवी झाली, पोटरीवर नखं ओढली गेली, आणि यांनी बोंब ठोकली तसा तो आल्या पावली उसात शिरला. गाडी तिथंच टाकून हे धावत घरी आले. पायातून रक्ताची धार आणि तोंडातून शब्द नाही. माझे हात पिठात होते, तशीच पळाले. मग दवाखाना झाला, इंजेक्शनं झाली, वनखात्याची माणसं येऊन गेली, पिंजरा लागला आणि त्यात शेजाऱ्यांचं कुत्रं अडकलं. जखम भरली, पण हे काही उसाकडं फिरकेनात.

आता आमच्याकडं बिबट्याचं कुणाला काही नवल नाही. माणसं मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून रानात जातात. गवत कापणाऱ्या बायका वाकल्या वाकल्या सारख्या बोलत राहतात, ऐकायला कुणी नसलं तरी. आठ-पंधरा दिवस घाबरून माणूस पुन्हा कामाला लागतो. हे लागले नाहीत. सकाळी उठून ओट्यावर बसायचे, ऊस दिसणार नाही अशा बाजूला तोंड करून. मोटर चालू करायला मी जायची, शेजारणीला सोबत घेऊन पाणी द्यायलाही मीच. दुकान मी, घर मी, रान मी. सुरुवातीला समजूत काढली, मग माझी जीभ सुटली.

"असं किती दिवस ओट्याला चिकटून बसणार?" मी एकदा भडकून विचारलं.

"तो तिथंच बसलाय," हे म्हणाले. "माझ्यावर डोळा ठेवून बसलाय. मी उसाकडं पाऊल टाकलं का त्याला कळतं. तुला न्हाई कळायचं ते."

बिबट्याला दुसरा उद्योग नाही का, असं तोंडावर आलं होतं, पण यांचा चेहरा बघून गिळलं.

मग दिवाळी झाली आणि एका सकाळी यांनी सांगितलं की चाकणला वॉचमनची जागा धरलीय. एक तारखेपासून. तिथंच खोली घ्यायची, महिन्यातून एकदा घरी यायचं आणि ऊस निघाला की जमीन वाट्यानं देऊन टाकायची. मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले. घरभर करपल्याचा वास सुटला तरी मी उलथनं हातात धरून उभीच. अहो, ज्या माणसानं मला ऊस म्हणजे काय ते दाखवलं तो हा माणूस! माझं माहेर आंबेगाव तालुक्यातलं, पार डोंगराकडचं. तिथं भात आणि नाचणी. ऊस आम्ही बघायचा तो बाजारात, मोळी बांधलेला. लग्न झाल्यावर यांनी मला सरीत उभं करून एकेक कांडं दाखवलं होतं, आणि इतक्या कौतुकानं की मी पदर तोंडाला लावून हसले होते. तो माणूस आता चाकणच्या गेटवर खुर्ची टाकून बसणार, आणि मी इथं एकटी.

मला ते नको होतं. अजिबात नको होतं. पण घाबरलेल्या माणसाला हाताला धरून रानात नेता येत नाही, ते मी करून बघितलं होतं. अर्ध्या वाटेत हात सोडवून घेऊन हे माघारी फिरले होते, आणि मी एकटी वाटेत उभी राहून कुणावर तरी ओरडत होते. कुणावर ते मलाही सांगता यायचं नाही.

तर ते आळ्याचं काम. गुरुवारी जुन्नरची लाइट दुरुस्तीसाठी दिवसभर जाते. डिंगोऱ्याची लाइन वेगळी, तिथं असते. म्हणून बुधवारीच मी दोन कॅबिनेट, दोन स्क्रीन आणि ती दोन कार्डं असा सगळा संसार ओळखीच्या टेम्पोत टाकून घरी आणला. गुरुवारी जेवणं झाल्यावर बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मांडला. डावीकडं जुनं कार्ड, उजवीकडं नवं.

पहिल्यांदा दोन्हींवर सगळी सेटिंग फुल ठेवली. न्याय म्हणजे न्याय. नव्या कार्डानं असं चित्र काढलं की मी आ वासून बघत राहिले. गेममधला गडी डोंगराच्या उतारावर उभा, आणि समोर छातीला लागेल एवढं गवत. एकेक पातं वेगळं हलत होतं. वारा कुठून येतोय ते नुसतं बघून कळत होतं. बाई गं, मी मनात म्हटलं, हे तर आपलंच रान! जुन्या कार्डाचं मात्र त्या गवतानं कंबरडं मोडलं. गडी दोन पावलं टाकायचा आणि थबकायचा, पुन्हा दोन पावलं, पुन्हा थबकायचा. ते सगळं मी व्हिडिओत घेतलं. मग जुन्या कार्डावर गवताचं सेटिंग अगदी तळाला आणलं, कारण जुनी कार्डं असलेली माणसं खेळतात ती अशीच. सगळं गवत नाहीसं झालं. उतार बोडका झाला, आणि गेम सरसर पळायला लागला.

आता दोन्ही गड्यांना एकाच वाटेनं न्यायचं, असं मी ठरवलं. दोन हात दोन कीबोर्डवर ठेवले आणि पुढं जायची बटणं दाबून धरली. तेवढ्यात हे माझ्यासाठी चहा घेऊन आले आणि पाठीमागं उभं राहून बघायला लागले.

उजवीकडं नुसतं गवत. डावीकडं त्याच जागी, बोडक्या मातीवर, बिबट्या बसला होता.

आईशप्पथ सांगते, त्या गेममध्ये बिबट्या आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी फक्त गवताकडं बघत होते. घाबरून माझा डावा हात उचलला गेला आणि डावीकडचा गडी थांबला. उजवा हात मात्र तसाच बटणावर राहिला. उजवीकडचा गडी चालत राहिला, आणि गवतातून, जिथं काही म्हणता काही नव्हतं तिथून, ते जनावर उडालं. सगळा स्क्रीन लाल झाला.

मागं कप फुटला.

वळून बघते तर हे भिंतीला पाठ लावून खाली बसलेले. पोटरी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. तोंड पांढरंफटक, श्वास चढलेला. अरे देवा, हे मी काय करून बसले! जे यांना विसरायचं होतं ते मी टेम्पोत घालून घरात आणलं होतं. मी भिंतीवरच्या बोर्डाकडं धावले, सगळं खटकन बंद करायला.

"थांब," हे म्हणाले. "बंद करू नको."

"अहो, राहू द्या ना. गेम आहे तो. मी उचलते सगळं."

"डावीकडं बसलाय अजून."

हे बसल्या जागेवरून सरकत सरकत टेबलाजवळ आले. खुर्चीला धरून उठले. मान पुढं काढून एकदा डावीकडं बघायचे, एकदा उजवीकडं.

"हा हितं दिसतोय. तिकडं का न्हाई दिसला?"

"तिकडंही तिथंच होता. गवताच्या आत."

"मग हिकडं गवत न्हाई का?"

"गेमच्या हिशेबात आहे. हे कार्ड ते काढत नाही एवढंच. झेपत नाही त्याला."

यांनी स्क्रीनवरच्या त्या जनावरावर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजी ह्या वाघाला वाटतंय का आपण गवतात हाये?"

"हो. त्याला काय माहीत, गवत काढलंय ते."

आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. पोट मातीला टेकलेलं, कान मागं पाडलेले, एक पंजा अलगद पुढं. उघड्या माळावर, भर उन्हात, आजूबाजूला एक काडी नाही, आणि स्वारी अगदी जय्यत दबा धरून बसलेली. गड्याच्या समोर चार हातांवर.

आणि आमचे हे हसले. आधी नाकातून, मग तोंड उघडून, मग पोट धरून. "अगं बघ की! येड्याला वाटतंय लपलोय! अगं, कसा बसलाय बघ!" आत्ताच हा माणूस भिंतीला चिकटून थरथरत होता, आणि आता डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसतोय. महिने झाले होते हे हसून. मलाही हसू फुटलं, आणि हसता हसता मीच रडायला लागले. यांचं लक्षही नव्हतं.

"चालवू नको त्या गड्याला," हे म्हणाले. "जरा मागं घे आन् नुसता उभा ठेव."

गड्याला मागं नेऊन एका खडकावर उभं केलं. यांनी खुर्ची ओढली आणि बसले ते उठेचनात. माझं काम अर्धवट राहिलं होतं, पण बोलायची हिंमत झाली नाही. मी कपाचे तुकडे गोळा केले, फरशी पुसली, दुसरा चहा केला. हे स्क्रीनकडं बघतायत. तो बिबट्या थोड्या वेळानं उठला, अंग झाडलं, आणि गड्याकडं पाठ करून निघून गेला. ओढ्यावर पाणी प्याला. एका झाडाखाली गोल फिरला आणि आडवा झाला. मग तासन् तास काही नाही, नुसतं शेपटीचं टोक हलतंय.

"हा तर माझ्याकडं बघतबी न्हाई," हे म्हणाले. आवाजात चक्क राग होता, कुणी फसवल्यासारखा.

"अहो, गेममधला आहे तो."

"असू दे गेममधला. ज्यानं बनवला त्यानं कुठंतरी खरा बघितलाच असंल ना?"

एवढी वर्षं मी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आले की महागातलं कार्ड घ्या, जास्त दिसतं. आणि इथं स्वस्तातल्या जुन्या कार्डात माझ्या नवऱ्याला जे दिसत होतं ते त्या नव्यात दिसणारच नव्हतं. माझं इतक्या वर्षांचं सगळं शिक्षण उलटंपालटं झाल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी सकाळी आळ्याचा माणूस कार्डं न्यायला घरीच आला. मी व्हिडिओ दाखवायला घेतला, तर हे मध्येच पुढं झाले.

"पावणं, माझं ऐका. जुनंच ठेवा."

तो चक्रावला. "का हो दाजी? फरक नाही का?"

"फरक लई हाय. नव्या कार्डात जनावर दिसत न्हाई राव!"

"दाजी, तीच तर मजा हाय त्यात. कुठनं येईल सांगता येत नाही."

"तुमच्या आळ्यात ऊस हाय का न्हाई?"

"हाय की."

"मग अजून कशाला मजा पायजे?"

तो हसायला गेला आणि यांच्या पायाकडं नजर गेली तसा थांबला. नवं कार्ड तो घेऊन गेला, ते ठीकच, कार्ड चांगलंच होतं. मला मात्र वेगळीच काळजी लागली होती. एक तारीख सोमवारी होती, आणि यांची पिशवी भरलेली कोपऱ्यात तशीच होती. गुरुवारी एवढं हसले, शुक्रवारी एवढे बोलले, मला वाटलं आता म्हणतील, जात नाही. शब्द नाही काढला. उलट संध्याकाळी चादर घडी करून पिशवीत कोंबली. माझा जीव तीळतीळ तुटत होता, आणि विचारायची भीती वाटत होती.

शनिवारी दुकान लवकर बंद करून मी निघाले. ऊन अजून होतं. आमच्या वाटेला वळले आणि गाडीचा ब्रेकच दाबला. मला वाटलं, मी भलत्याच रानात शिरले.

वाटेच्या दोन्ही बाजूंचा ऊस नव्हता. थेट वळणापासून घरापर्यंत, इकडं रुंद पट्टा, तिकडं रुंद पट्टा, नुसती बुडखी. तोडलेला ऊस कडेला आडवा पडलेला. अहो, कारखान्याच्या तोडीला अजून केवढा वेळ होता! उसात अजून साखर उतरायची होती. वर्षभर पाणी घातलेलं उभं पीक कुणीतरी सपासप कापून टाकलं होतं. मग डोक्यात अशी तिडीक गेली की गाडी तिथंच टाकून मी ओरडत निघाले, "कुणी केलं हे? मुडदा बसवला त्याचा!"

पार पलीकडच्या टोकाला, पट्ट्याच्या कडेला, हे उभे होते. हातात कोयता. केसांत पाचट, दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांचे लाल लाल ओरखडे, सदरा घामानं अंगाला चिकटलेला.

"अहो, तुम्ही? तुम्ही तोडला?"

"मी."

"वेड लागलं का तुम्हाला? उभा ऊस? कच्चा? कारखान्याला काय सांगायचं? एवढं पाणी घातलं मी, रोज जीव मुठीत धरून, आणि तुम्ही..." मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. हे शांतपणे ऐकून घेत होते. माझा दम संपला तेव्हा बोलले.

"परवापासनं मी न्हाई हितं. तू रोज ह्या वाटेनं एकटी येणार, दिवस लहान झालेत. लांबनं दिसलं पायजे ना तुला, काय हाय आन् काय न्हाई. त्या जुन्या कार्डात दिसत व्हतं तसं. म्हणून काढला."

मी त्या पट्ट्याकडं बघितलं, पडलेल्या उसाकडं, मग यांच्या हातांकडं.

"कधीपासून तोडताय?"

"तू गेलीस तवापासनं."

"बरोबर कोण होतं?"

"कोण असणार? मीच."

"अहो," मी म्हणाले, "मग सकाळपासून तुम्ही कुठं होता?"

"कुठं म्हंजी? हितंच, उसा..."

हे थांबले. कोयता धरलेला हात खाली आला. सावकाश मागं वळून यांनी त्या उभ्या उसाकडं बघितलं, ज्याच्या आतून आत्ताच बाहेर आले होते. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडं वळले, तर तोंडावर असा धक्का, जणू कुणी दुसऱ्याच माणसाची गोष्ट यांना सांगितली होती.

"अगं," हे म्हणाले, "मी आत व्हतो की दिवसभर."

मी तिथंच वाटेत खाली बसले आणि हंबरडा फोडला. हे घाबरून जवळ आले, कोयता टाकला, पाणी शोधायला लागले. मला उठवेना. शेवटी हेही माझ्याशेजारी मातीत बसले.

"आता त्या चाकणच्या माणसाला काय सांगू गं?"

"तुम्ही काही सांगू नका," मी पदरानं नाक पुसत म्हणाले. "फोन माझ्याकडं द्या."